कणभर जस्ताचें ऋण

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं पाटी-पेन्सिलीवर मुळाक्षरें गिरविलीं असतील, त्यांना एक गोष्ट खात्रीनें आठवेल. प्रत्येक वर्गांत एखादें मूल असें असे कीं, त्याची पेन्सिल इतरांच्या आधीं संपे. ती झिजून संपत नसे, खाल्ली जाऊन संपे. मास्तर फळ्याकडे वळले कीं तुकडा हळूच तोंडांत जाई. आणि मास्तर परत वळले कीं ओठाच्या कडेला पांढरट रेघ तेवढी दिसे.

आमच्या शिक्षकीच्या आरंभींच्या वर्षांत, म्हणजे १९८० च्या सुमारास, नदीकांठच्या एका लहान गांवीं आमची नेमणूक होती. तेथें दुसऱ्या इयत्तेंत असाच एक मुलगा होता. वय नऊ वर्षांचें. पण अंगपिंड पाहावें तर सहा वर्षांच्या पोराचें. उंचीप्रमाणें रांग लावली कीं त्याचा क्रमांक सदैव पहिला. पावसाळा लागून नदीला गढूळ पाणी आलें कीं हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें गैरहजेरीच्या खुणा सुरू होत. त्याची आई एकदां शाळेच्या पायरीशीं येऊन सांगून गेली, "पोरगं पुन्यांदा झाड्याला लागलंय, गुरुजी." त्या "पुन्यांदा" या शब्दांत किती अर्थ होता, तें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं. पेन्सिल खातो म्हणून आम्हीं त्याच्या हातावर छड्या मारल्या. शाळा बुडवितो म्हणून त्याला वर्गाबाहेर उभें केलें. आणि पुढें तिसऱ्या वर्षीं तो येईनासा झाला, तेव्हां पटावरून त्याचें नांव कमी केलें तेंही आम्हींच, लाल शाईनें आणि निश्चिंत मनानें.

इतकीं वर्षें विस्मरणांत गेलेला हा मुलगा आम्हांला पुन्हा आठवला तो आमच्याच घरांत घडलेल्या एका प्रसंगानें. तो प्रसंग सांगतांना आम्हांला संकोच वाटतो. परंतु ज्या चुकीपासून दुसऱ्याचें घर सावध होईल ती झांकून ठेवण्यांत शहाणपणा नाहीं.

गेल्या वर्षीं आषाढांत आमच्या दोन वर्षांच्या नातवाला ढाळ लागले. आमचें कुटुंब एकत्र. तेव्हां घरांत जितकीं माणसें तितके वैद्य! आमच्या वडील भगिनी, ज्यांना सारें घर आक्का म्हणतें, त्यांनीं लंघन सुचविलें. दुसऱ्या कोणी जायफळ उगाळण्यासाठीं सहाण काढली. सूनबाईनें मात्र कोणाशीं वाद न घालतां मुलाला डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या, मुलाचें खाणें बंद करूं नका म्हणून बजावलें, आणि झिंकच्या गोळ्यांची एक पट्टी दिली. "रोज एक, चौदा दिवस," एवढीच त्या गोळ्यांविषयीं सूचना.

चौथ्या दिवशीं मुलाचें पोट थांबलें. पांचव्या दिवशीं सूनबाई चमच्यांत गोळी विरघळवीत असतां आम्हींच तिला म्हणालों, "आतां कशाला? दुखणें गेलें, औषध गेलें." ती म्हणाली, "अप्पा, डॉक्टरांनीं चौदा दिवस सांगितलं आहे." आम्हीं उत्तर दिलें कीं, ताप उतरल्यावर कोणी काढा पीत बसत नाहीं. घरांत आमच्या शब्दाला मान आहे; त्या मानाचा आम्हीं त्या दिवशीं दुरुपयोग केला. उरलेल्या दहा गोळ्यांची पट्टी फडताळांत गेली.

भाद्रपदांत मूल पुन्हा आजारी पडलें, आणि या वेळीं चांगलेंच गळून गेलें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो हा, "मागच्या गोळ्या पुऱ्या केल्या होत्या ना?" सूनबाईनें आमच्याकडे पाहिलें, ती कांहीं बोलली नाहीं. मग आम्हींच खरें तें सांगितलें. डॉक्टर रागावले नाहींत. ते म्हणाले, "गुरुजी, रांजणाची गळती थांबली म्हणजे रांजण भरला असें होत नाहीं. जुलाब थांबले ती गळती थांबली. जें गळून गेलें तें परत भरायला चौदा दिवस लागतात."

दुसरें दुखणें गोळ्या सोडल्यामुळेंच आलें, असें म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाहीं; पावसाळ्यांत मुलांच्या पोटाला दुसरीं कारणें पुष्कळ असतात. परंतु "जें गळून गेलें" तें काय, हा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. तेव्हां आम्हीं या विषयावर मिळेल तें वाचलें, आणि त्याचें सार येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

झिंक म्हणजे आपलें जस्त. जस्त म्हटलें कीं डोळ्यांपुढें येते ती न्हाणीघरांतील जस्ती बादली आणि पडवीवरील पत्रा. हा धातु आपल्या देशाला नवा नव्हे. राजस्थानांत उदेपूरजवळ झावर येथें शेंकडों वर्षांपूर्वीं खनिजापासून ऊर्ध्वपातनानें जस्त काढीत असत. आपल्या रसशास्त्रांत त्याला यशद असें नांव आहे. परंतु हाच पदार्थ अत्यल्प अंशानें मनुष्याच्या शरीरांतही असतो, आणि त्यावांचून मुलाची वाढ होत नाहीं, ही गोष्ट उजेडांत येऊन पुरतीं शंभर वर्षेंही झालीं नाहींत.

ती कथा मोठी मनोवेधक आहे. इराणांत शिराझ म्हणून एक प्राचीन नगर आहे. सादी व हाफिज या फारसी कवींच्या समाधि तेथेंच आहेत. १९५८ सालीं डॉ. आनंद प्रसाद नांवाचे एक तरुण भारतीय वैद्य त्या नगरीं गेले. ते मूळचे बिहारांतील बक्सरचे. पाटण्यास वैद्यकी शिकून पुढील अध्ययन त्यांनीं अमेरिकेंत केलें होतें. शिराझ येथें डॉ. जेम्स हॅल्स्टेड या अमेरिकन वैद्यांनीं त्यांना एक रोगी दाखविला. त्याचें वय होतें २१ वर्षें. परंतु तो दिसे दहा वर्षांच्या मुलासारखा. मिसरूड नाहीं, तारुण्याचें एकही चिन्ह नाहीं, अंगांत रक्त नाहीं, यकृत व प्लीहा वाढलेली. आहार काय, तर गव्हाच्या पिठाची न आंबविलेली रोटी. आणि आणखी एक संवय त्याला होती. तो माती खात असे.

हें वाचतांना आम्ही थबकलों. वाचकांना कारण सांगावयास नकोच.

असे रोगी त्या प्रांतांत आणखीही आढळले. अंगांतील रक्त कमी होणें हें लोहाच्या अभावाचें लक्षण म्हणून समजूं शकत होतें. परंतु वाढ खुंटणें आणि तारुण्य न येणें यांचा मेळ केवळ लोहाशीं बसेना. डॉ. प्रसाद यांनीं तर्क केला कीं, येथें जस्तही कमी पडत असलें पाहिजे. १९६१ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हे रोगी वैद्यकीय जगापुढें मांडले. पुढें इजिप्त देशांत अशाच खुज्या राहिलेल्या तरुणांची तपासणी करून १९६३ सालीं जस्ताचा अभाव त्यांनीं सिद्ध केला. तेथील रोग्यांच्या पोटांत आंकडीकृमि असत, बिलहार्झिया नांवाच्या कृमिरोगानेंही ते पीडलेले असत, आणि त्या वाटे रक्ताबरोबर जस्तही शरीराबाहेर जाई. त्यांना औषधरूपानें जस्त देतांच एका वर्षांत ५ ते ६ इंच उंची वाढल्याचें आढळलें. मनुष्याला जस्त कमी पडूं शकतें, ही कल्पनाच त्या काळीं अनेक विद्वानांना मान्य नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें जस्ताला अत्यावश्यक अन्नघटक म्हणून मान्यता देऊन त्याचें दैनिक प्रमाण ठरविलें तें १९७४ सालीं.

आतां प्रमाण पाहूं. प्रौढ माणसाच्या सर्व देहांत मिळून जस्त असतें सुमारें २ ग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या बाळाला दिवसाला लागतें सुमारें ३ मिलिग्रॅम. सोनाराच्या तराजूंतील एक गुंज सुमारें १२० मिलिग्रॅमची. म्हणजे गुंजभर जस्तांत एका बाळाची चाळीस दिवसांची गरज भागते. एवढासा हा अंश. पण शरीरांतील तीनशेंहून अधिक पाचकद्रव्यें आणि कार्यकारी द्रव्यें त्याच्या साह्यावांचून चालत नाहींत. पेशींची वाढ, जखम भरून येणें, तोंडाची चव, रोगाशीं झुंजण्याची शक्ति, या सर्वांत त्याचा हात आहे. आणि लोहाप्रमाणें जस्ताचें मोठें कोठार शरीरांत नाहीं. रोजचें रोज यावें आणि रोजचें रोज खर्चावें, असा हा हातावर पोट असलेला संसार आहे.

अशा संसारांत दोन वाटांनीं तूट येते. पहिली वाट अन्नाची. जस्त मांस, मासे, अंडीं यांत भरपूर असतें व तें अंगीं लागतेंही लवकर. धान्यांत व कडधान्यांत जस्त आहे. परंतु त्यांच्या कोंड्यांत फायटिक आम्ल नांवाचें द्रव्य असतें, तें जस्ताला घट्ट बांधून ठेवतें आणि आंतड्यांतून तसेंच बाहेर नेतें. शिराझच्या त्या तरुणाच्या रोटींत जस्त नव्हतें असें नाहीं. होतें, पण त्याला मिळत नव्हतें. धनको दारीं उभा राहून घरांत शिरणारें धान्य परत नेतो, तसाच हा प्रकार. दुसरी वाट रोगाची. अतिसार झाला कीं मळावाटे जस्त वाहून जातें. जस्त कमी झालें कीं आंतड्याचें अस्तर नीट भरून येत नाहीं आणि रोगप्रतिकाराची शक्ति उणी पडते. ती उणी पडली कीं पुढचा अतिसार लवकर येतो व अधिक दिवस टिकतो. आणि तो पुन्हा आणखी जस्त नेतो. ज्या गांवीं पाणी शुद्ध नाहीं, जेथें दर पावसाळ्यांत ही सांथ ठरलेली, तेथील मूल या रहाटगाडग्याला बांधलेलें असतें. त्या मातेच्या "पुन्यांदा" या शब्दाचा अर्थ आम्हांला चाळीस वर्षांनीं कळला तो असा.

हें रहाटगाडगें कोठें तरी थांबवितां येईल काय? येथें पुढचें काम पुष्कळसें आपल्याच भूमींत झालें आहे. प्रथम पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित बंगालच्या सीमेवर आले. बनगांवच्या छावणींत पटकी पसरली आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचें पाणी पिंपांत तयार ठेवून तें रोग्यांना तोंडानें पाजण्याची व्यवस्था केली, आणि मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें खालीं आणलें. जलसंजीवनीचा प्रसार झाला तो अशा अनुभवांतून. पण जलसंजीवनी पाणी व क्षार भरून काढते, जस्त नव्हे. तें कार्य निराळें राहिलें होतें.

१९९५ सालीं डॉ. सुनील सजवाल व त्यांचे सहकारी यांनीं नव्या दिल्लींतील ६ ते ३५ महिन्यांच्या ९३७ अतिसारग्रस्त मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना जस्त दिलें, त्यांचा अतिसार लांबण्याचा संभव शेंकडा २३ नीं कमी झाला. पुढें बांगलादेशांतील मतलब या भागांत, जेथें अतिसार घरोघरचा पाहुणा आहे, आठ हजारांहून अधिक मुलांवर गांववार प्रयोग झाला. तो २००२ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें अतिसाराबरोबर चौदा दिवस जस्त दिलें, तेथें दुखण्याचे दिवस घटलेच. पण नवे अतिसारही शेंकडा १५ नीं कमी झाले, आणि अपघात सोडून इतर कारणांनीं होणारे बालमृत्यु निम्म्यावर आले. वाचकांनीं येथें लक्ष द्यावें तें या दुसऱ्या भागाकडे. जस्ताचा गुण चालू दुखण्यापुरता नाहीं. तो पुढच्या दुखण्याविरुद्धही आहे. २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं मिळून सांगितलें कीं, मुलांच्या अतिसारांत जलसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस जस्त द्यावें. आपल्या देशांत चौदा दिवसांचा पाठ रूढ झाला तो यावरून.

अतिशयोक्ति करण्याची आमची इच्छा नाहीं. निरनिराळ्या देशांतील प्रयोग एकत्र तोलून पाहिलेल्या विद्वानांचें म्हणणें असें कीं, सहा महिन्यांवरील मुलांत जस्तानें चालू दुखणें सरासरीनें अर्धा दिवस कमी होतें; मूल कुपोषित असेल तर एक दिवस. सहा महिन्यांच्या आंतील तान्ह्या मुलांत असा लाभ दिसून आला नाहीं. गोळीनें कांहीं मुलांना वांतीही होते. २०२० सालीं भारत व टांझानिया येथील ४,५०० मुलांवरील प्रयोगांत असें आढळलें कीं, २० मिलिग्रॅमऐवजीं १० किंवा ५ मिलिग्रॅम दिले तरी अतिसारावर गुण तेवढाच येतो आणि वांति कमी होते. म्हणून मात्रा किती, हें डॉक्टरांवर सोपवावें. त्यांनीं सांगितलेले दिवस पुरे करणें हें आपलें काम.

येथें एखादा उत्साही वाचक म्हणेल, मग दुखण्याची वाट कशाला पाहावी? रोजच मुलांना जस्त, लोह, जें जें खनिज म्हणून आहे तें तें चारावें! त्यांना आम्ही आणखी एक हकीकत सांगतों. आपल्या आयुर्वेदानें औषधाचा विचार करतांना देश, काल, मात्रा, वय आणि बल हीं पाहावयास सांगितलीं आहेत. आधुनिक प्रयोगानें त्यांतील "देश" या शब्दाचें महत्त्व कसें पटवून दिलें, तें पाहण्यासारखें आहे.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ झांझिबारच्या बेटांपैकीं पेंबा नांवाचें बेट आहे. तेथें त्या काळीं हिंवताप बारमास असे. तेथील लहान मुलांत रक्ताची उणीव फार. म्हणून त्यांना रोज लोह व फॉलिक आम्ल द्यावें, कांहींना त्याबरोबर जस्तही द्यावें, असा मोठा प्रयोग त्याच डॉ. सजवाल यांनीं केला. हेतु शुद्ध, योजना पक्की. परंतु २००३ सालीं लोहाचा भाग मध्येंच थांबवावा लागला. कारण लोह मिळणाऱ्या मुलांत गंभीर आजार व मृत्यु मिळून शेंकडा १२ नीं अधिक आढळले. त्याच सुमारास दक्षिण नेपाळांतील सरलाही जिल्ह्यांत, जेथें हिंवताप क्वचित, तसाच प्रयोग झाला. तेथें लोहानें मृत्यु वाढले नाहींत, आणि घटलेही नाहींत. दोन्ही वृत्तांत २००६ सालीं एकदमच प्रसिद्ध झाले. वस्तु एकच, भूमि निराळी, आणि फळ निराळें! पेंबा येथेंही ज्या मुलांत लोहाची खरी उणीव तपासून आढळली होती, त्यांना लोहाचा लाभच झाला. तेव्हां दोष लोहाचा नव्हे. गरज न पाहतां, आणि हिंवतापाचा बंदोबस्त न करतां सरसकट देण्याचा. आतां जागतिक आरोग्य संघटनाही सांगते कीं, हिंवतापाच्या प्रदेशांत लोह द्यावयाचें तें हिंवतापाचा प्रतिबंध, तपासणी व उपचार यांच्या जोडीनेंच. आपल्या महाराष्ट्रांत गडचिरोलीसारख्या जंगलपट्टींत हिंवतापाचा उपद्रव आहे; तेथें नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. आरोग्यखात्याकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या टाळाव्यात असा मात्र याचा अर्थ कोणीं करूं नये.

जस्ताचेंही तसेंच. तें फार दिवस फार प्रमाणांत घेतलें तर शरीरांतील तांबें कमी होतें, आणि त्यापासून निराळीच व्याधि उद्भवते. यशदभस्म आणून तें घरच्या घरीं मधांतून चाटविण्याचा मोह तर कोणीं मुळींच धरूं नये. चौदा दिवसांची गोळी हें ऋण फेडण्याचें साधन आहे. तो रोजचा खुराक नव्हे.

मग रोजची सोय कोणती? ती स्वयंपाकघरांत आहे, आणि तिचें ज्ञान आमच्या आज्यांना शास्त्राच्या आधीं होतें. वर सांगितलेलें फायटिक आम्ल कडधान्य भिजवून मोड आणले कीं कमी होतें, पीठ आंबविलें कीं आणखी कमी होतें. मोड आलेल्या मटकीची उसळ, नाचणीचें सत्त्व आणि आंबील, आंबवलेल्या पिठाचे आंबोळे, हे पदार्थ केवळ रुचीसाठीं नव्हते. तीळ, शेंगदाणे, हरभरे, भोपळ्याच्या बिया यांत जस्त बऱ्यापैकीं असतें. ज्यांच्या घरीं अंडीं चालतात त्यांनीं मुलांना तीं अवश्य द्यावीं. सहा महिन्यांपर्यंत आईचें दूध पुरे. त्यानंतर त्यांतील जस्त मुलाला पुरेनासें होतें, म्हणून वरचें अन्न वेळेवर सुरू करावें. केवळ दूध आणि बिस्किटें यांवर दोन वर्षांचें मूल पोसणारीं सुशिक्षित घरें आम्हांला ठाऊक आहेत. मूल गुटगुटीत दिसतें म्हणून तीं निर्धास्त असतात. परंतु वजन भरलें म्हणजे सर्व भरलें असें नाहीं. २०१६ ते २०१८ या काळांत भारत सरकारनें केलेल्या व्यापक पोषण पाहणींत १ ते ४ वर्षांच्या मुलांत शेंकडा १९, आणि १० ते १९ वर्षांच्या किशोरवयीन मुलामुलींत शेंकडा ३२ जणांत जस्ताचा अभाव आढळला. हा आंकडा केवळ झोंपड्यांचा नव्हे.

आणि मूल आजारी पडलेंच, तर आमच्या आक्कांसह सर्व वडीलधाऱ्या मंडळींना आमची हात जोडून विनंति आहे. मुलाला लंघन घडवूं नये. "पाणी दिलें कीं पुन्हा होतें" म्हणून पाणी तोडूं नये. होऊं द्यावें, पण पाणी द्यावें. जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सबंध विरघळवावी, घोट घोट पाजावी, आणि चोवीस तासांनंतर उरलेलें पाणी टाकून द्यावें. अंगावरचें दूध चालू ठेवावें. मीठ घातलेली तांदळाची पेज, मऊ भात, वरणाचें पाणी, ताक, हें आपलें जुनें पथ्य उत्तम आहे. मुलाचे डोळे खोल गेले, रडतांना अश्रु येईनासे झाले, लघवी थांबली, मूल पाणी पिईना किंवा झोंपाळल्यासारखें पडून राहिलें, अथवा मळांत रक्त दिसलें, तर घरगुती सल्लामसलत तेथेंच थांबवून डॉक्टर गांठावा. आणि पोट थांबल्यावर गोळ्या थांबवूं नयेत. आमच्या घरीं आतां भिंतीवरील दिनदर्शिकेवर पहिल्या दिवशींच चौदा चौकोन आंखतात, आणि रोज गोळी दिल्यावर सूनबाई त्यावर फुली मारते. फुल्या मोजण्याचें काम आमच्याकडे आहे. ज्यानें मोडलें त्यानेंच राखावें, हा न्याय तिनें न बोलतां केला.

एक गोष्ट राहिली, आणि आमच्या मतें तीच मुख्य. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, अतिसार झालेल्या मुलांपैकीं जलसंजीवनी मिळाली ती शेंकडा ६१ मुलांना, आणि जस्त मिळालें तें केवळ शेंकडा ३० मुलांना. म्हणजे दर दहांतील सात मुलें ऋण तसेंच डोक्यावर घेऊन पुढच्या दुखण्याला सामोरीं गेलीं. या गोळ्या महाग नाहींत. सरकारी आरोग्यकेंद्रांत त्या फुकट मिळाव्यात आणि आशा सेविकांच्या पेटींत त्या असाव्यात अशी योजना आहे. उणीव पैशाची नाहीं तितकी माहितीची आहे. आमच्या वाचकांच्या घरीं धुणींभांडीं करावयास येणाऱ्या बाईंचें मूल पावसाळ्यांत आजारी पडतें, आणि त्या दिवशीं त्या येत नाहींत. तेव्हां "पुन्हा खाडा!" असे उद्गार किती घरांतून निघतात, हें ज्याचें त्यानें आठवावें. तो खाडा आणि आमच्या हजेरीपटावरील ती खूण यांत कांहीं अंतर नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्या कामावर आल्या, तर खाड्याचा हिशेब करण्याआधीं त्यांना एवढेंच विचारावें कीं, "मुलाला पुडी दिली का? झिंकच्या गोळ्या दिल्या का? किती दिवस?"

तो पेन्सिल खाणारा मुलगा आज असलाच तर पन्नाशी ओलांडून गेला असेल. त्याच्या अंगांत जस्त कमी होतें कीं लोह, कीं दोन्हीं, हें आतां कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. पण त्याला अन्न कमी पडत होतें, पाणी वाईट मिळत होतें आणि दुखणें पुन्हा पुन्हा येत होतें, एवढें तर त्याची आई आम्हांला सांगतच होती. तें ऐकावयास शास्त्राची गरज नव्हती. आम्हीं तें ऐकलें नाहीं. नदीकांठच्या त्या शाळेंत आज जे कोणी गुरुजी असतील, त्यांच्या वर्गांत एखादें मूल खडू खातांना दिसलें, तर त्यांनीं छडी खालीं ठेवावी, आणि त्या मुलाच्या आईला बोलावून तिचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.